गल्लीची हवा

काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसानं पाहुण्यासारखं बसून घ्यावं, हे त्यांना पटत नव्हतं.

"उभ्यानंच बोलते," त्या म्हणाल्या. "बसले तर विषय बदलीन. मला माझं तोंड माहीत आहे."

समोरची मास्तरीण हसली. पोर काकूंच्या लेकीच्या वयाची. डेटा सायन्सची ही शाळा आणि नगरपालिका यांनी मिळून शहरभर पांढरे डबे वाटले होते, ते काम हिच्याकडे. डबा खिडकीबाहेर टांगायचा. तो हवेतली घाण मोजणार आणि आकडे आपले आपण शाळेत पोचणार. गोदामांकडे जाणारे ट्रक दोन गल्ल्यांतून धावायचे. एक काकूंची, दुसरी त्यांच्या लेकीची. नगरपालिकेला ते एकाच गल्लीतून न्यायचे होते. जिथली हवा जास्त वाईट, त्या गल्लीची सुटका करायची, आणि ती कुठली हे शाळेनं सांगायचं.

सुटका काकूंच्या गल्लीची झाली होती.

"बोला ना काकू."

"तो डबा मी खिडकीबाहेर टांगलाच नाही. चुलीच्या वर टांगला. ह्यांना शेजारी बसायला धाडायचं आणि त्याच्याखाली तळण काढायचं. रोज. घरात खाणारी तोंडं दोन, आणि तेल किती आणत होते ते विचारू नकोस. दुकानदार म्हणाला, काकू, खानावळ काढली की काय."

मास्तरणीनं हसू आवरलं. "पण का?"

"ह्यांना दमा आहे. एका ट्रकचा खोकला थांबतो न थांबतो, तोवर दुसरा ट्रक. नगरपालिकेचे उंबरे झिजवले मी. माझ्या तोंडून कुणी ऐकेना. म्हटलं, डब्याच्या तोंडून ऐकतील."

"आणि ऐकलं."

"ऐकलं ना. आता सगळे ट्रक लेकीच्या दारावरून जातात." काकूंनी घसा खाकरला. "नात खोकते. परवा माझ्या मांडीवर बसून खोकली, अगदी आजोबांसारखी. लेक म्हणते, होईल सवय. तक्रारीचा चकार शब्द नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही मला. तेव्हा काय शिक्षा करायची ती करा, पण ट्रक परत फिरवा."

"आणि काका?"

ह्याचं उत्तर काकूंनी वाटभर शोधलं होतं.

"त्यांचं आयुष्य जगून झालंय," त्या म्हणाल्या. स्वतःचेच शब्द कानावर पडले तशा त्या मुकाट्यानं खुर्चीवर बसल्या.

मास्तरीण संगणकाकडे वळली. बराच वेळ बोटं चालवून तिनं मान हलवली.

"काकू, तुमच्या डब्याचे आकडे आम्ही धरलेलेच नाहीत. पहिल्याच आठवड्यात तो बंद पडलाय. तेलानं आतलं छिद्र बुजलं असणार. गल्लीतल्या बाकीच्या डब्यांवरून ठरलं सगळं."

"म्हणजे मी केलं ते..."

"वाया गेलं."

काकूंना आधी अपमानच वाटला. एवढी मेहनत घेऊन पाप केलं आणि तेही धड झालं नाही. मग छातीवरचा दगड हळूच बाजूला झाला आणि लगेच त्यांची जीभ जागेवर आली.

"मग लेकीची गल्ली काय एवढं थंड हवेचं ठिकाण लागून गेलीय? आधीही निम्मे ट्रक तिकडूनच जायचे की. वाळत घातलेली चादर काळी होते तिथे."

मास्तरणीच्या कपाळावर आठी आली. तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"तिथे एकच डबा आहे. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. तुमच्या लेकीनं मात्र स्वतः इथे येऊन मागून नेला. त्याचे आकडे बागेतल्या डब्यापेक्षाही स्वच्छ आहेत." तिनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. "तोही बिघडला असेल. उद्या जाऊन बघते. तसं निघालं तर सगळं नव्यानं मोजू."

काकू तिथून उठल्या त्या थेट लेकीकडे. रस्ताभर ट्रकची रांग लागली होती, तरी कितीतरी दिवसांनी त्यांची चाल हलकी होती.

लेक खिडकीची चौकट पुसत होती. काकूंनी चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. चूल, तेल, बुजलेलं छिद्र, सगळं.

"तुझी आई चोर निघाली, बाई. त्यातही बिनकामाची."

लेक हसली. खूप दिवसांनी दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"आता गोड बातमी ऐक. उद्या ती मास्तरीण तुझा डबा तपासायला येतेय. बिघडलाय म्हणे तो. नव्यानं मोजतील, मग ह्या धुडांचं काय ते बघतील."

लेकीच्या हातातलं फडकं थांबलं.

"उद्या?"

"मग काय पुढच्या वर्षी? तोंड का उतरलं गं तुझं?"

"आई, तिला येऊ नको म्हणून सांग."

"डोकं फिरलंय का? पोरगी खोकतेय तुझी."

लेक आत गेली, तिनं कपाट उघडलं आणि रजयांच्या घडीत हात घालून डबा बाहेर काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड घट्ट बांधलेला, पांढराशुभ्र, धुळीचा एक कण नसलेला. तिनं तो आईच्या मांडीवर ठेवला.

बाहेरून ट्रक गेला. तावदानं थरथरली. आतल्या खोलीत नात खोकू लागली. लेक तिचा खोकला थांबेपर्यंत दाराकडे बघत उभी राहिली, आणि मग हळूच म्हणाली,

"बाबांना आता झोप लागते ना गं?"