वायर कोणी काढली?

ऐन ऑनलाइन मुलाखतीच्या वेळी कॉम्प्युटरचं इंटरनेट चालूच होईना आणि सुयोगने सगळा राग घरकामाला येणाऱ्या सोनूबाईंवर काढला. "वायरींना हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं? उद्यापासून येऊ नका!" दार सताड उघडं होतं, अख्ख्या मजल्याने ऐकलं. आईच्या वयाच्या सोनूबाई ओले हात पदराला पुसत निघून गेल्या. मुलाखत त्याने मोबाइलवर कशीबशी उरकली.

दुपारी घाटकोपर स्टेशनजवळचा इंटरनेटवाला आला आणि टेबलामागे वाकला. "साहेब, स्पीकर नवीन लावलेत ना? ते लावताना नेटची वायर काढून ठेवलीय कोणीतरी."

काल स्पीकर सुयोगनेच लावले होते. शरमेने त्याला मान वर करवेना. माणूस जाताच त्याने सोनूबाईंना फोन लावला. माफी मागायची, दुसरं काही बोलायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

पण तो तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "दादा, चुकलं माझं. पुसताना माझाच हात लागला असणार. पण कामावरून काढू नका."



"बरं, या उद्या," तो म्हणाला. "पण जरा सांभाळून करत जा."