सातव्या होलवरचं घर

मास्तरीणबाईंनी आज पुन्हा त्याच्या फेअरवेच्या ऐन मधोमध चादर वाळत घातली होती.

साइटवरच्या ऑफिसच्या खिडकीतून त्याने ती पाहिली आणि हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. गोल्फची मैदानं आखण्यात त्याची हयात गेली होती. खडक, दलदल, उतार, सगळ्यांशी त्याने जमवून घेतलं होतं. पण इथे, सातव्या होलवर, म्हणजे सातव्या खळगीच्या वाटेवर, जिथे पहिला फटका देखणा टप्पा घेऊन थांबायला हवा, नेमकं तिथेच, फेअरवेच्या मोकळ्या हिरव्या पट्ट्यात, एक बैठं घर होतं. घराला कुंपण, कुंपणात भाजीचे वाफे आणि वाफ्यांत शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई. एकट्याच. आजूबाजूची सगळी जमीन क्लबने घेतली होती. बाईंनी मात्र "नाही" एवढंच म्हणून दार लावून घेतलं होतं.

क्लबच्या अध्यक्षांचा रोज फोन यायचा. "काय झालं तुमच्या त्या सातव्याचं?" जणू ते घर त्यानेच रातोरात आणून ठेवलं होतं.

घरीही तेच. ताटातलं गार होत होतं आणि हा पठ्ठ्या बोटाने जेवणाच्या टेबलावर सातवा होल काढत होता.

"अहो, एकदा स्वतः जाऊन बोला की त्यांच्याशी," बायको म्हणाली.

"माझं काम जमीन आखायचं. माणसं हलवायला क्लबने वकील ठेवलाय."

"मग आखा," असं म्हणून तिने ताटच उचललं.

त्याने आखलं, खोडलं, पुन्हा आखलं. उजवीकडे तळं, डावीकडे चढ, मध्ये बाई. कसंही काढलं तरी घर घशातल्या काट्यासारखं टोचत राहायचं. शेवटी एका संध्याकाळी त्याचा संयम सुटला. पहिला फटका मारायची, टीची जागा होती तिथे तो उभा राहिला, चेंडू ठेवला आणि सगळा राग काढत घराच्या दिशेने फटका हाणला. चेंडू वाकडा गेला. कुंपणाच्या कोपऱ्यावरून, वाफ्यांना चाटून पलीकडे पडला. शिव्या देतच तो चेंडू आणायला गेला, आणि चेंडू उचलताना त्याने मान वर केली. तिथून समोर खळगीभोवतीच्या ग्रीनची जागा उघडी दिसत होती. अगदी हाताशी.

म्हणजे बाईंच्या कोपऱ्यावरून मारायची छाती असेल, तर अर्धी वाट वाचणार. नसेल, तर डावीकडून लांबचा, बिनधोक वळसा. इथे येणाऱ्या प्रत्येकाला पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारावं लागणार होतं, आपल्यात किती दम आहे. असा होल त्याने उभ्या जन्मात आखला नव्हता. आणि तो या कटकट्या घरामुळे सापडावा, याचाच त्याला जास्त संताप आला.

मैदान तयार झालं. उद्घाटनाला बाहेरून एक नावाजलेला खेळाडू आला होता. खेळ संपल्यावर तो म्हणाला, "बाकीचं सगळं विसरेन, पण सातवा नाही विसरणार. सुचला कसा हो तुम्हाला?"

"सुचला," तो म्हणाला. अध्यक्षांनी पाठीत कौतुकाची थाप मारली. "आता त्या बाईंना मुळीच हलवायचं नाही! घर हीच आपली शान. तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. आणि खिडक्यांना उंच जाळी लावून द्या, क्लबच्या खर्चाने."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा बाईंचं फाटक ढकलून आत गेला. दार तोंडावर आपटलं जाणार, ही तयारी मनाशी करूनच गेला होता. पण बाईंनी "या, बसा," म्हणत खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. चहाही ठेवला. खोलीत भिंतीला लागून दोन खोकी दोरीने बांधून ठेवली होती. त्यांच्यावर धूळ साचली होती.

"बाई, एक चांगली बातमी आहे," कप हातात घेत तो म्हणाला. "आता तुम्हाला इथून कुणीही हलवणार नाही. अध्यक्षांनी शब्द दिलाय. तुम्ही जिंकलात."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"जिंकायचं होतं कुणाला?" त्या म्हणाल्या. "हे घर मी विकणारच होते. थोरल्या बहिणीकडे जायचं ठरलं होतं. दोघी एकट्याच, म्हटलं, एकत्र राहू. त्याच आठवड्यात तुमचा वकील आला. चपला घालून थेट इथवर. बसलासुद्धा नाही. 'मुकाट्याने निघा, नाहीतर कसं काढायचं ते आम्हाला ठाऊक आहे,' म्हणाला. मग मी पण म्हटलं, नाही."

त्याचा कप अर्ध्यावरच राहिला.

"अहो, पण मग कळवायचं तरी! एक निरोप धाडायचा! मी तिकडे डोकं आपटून घेत होतो."

"दिसत होतात की खिडकीतून. तुम्हालाही मी दिसत होतेच." बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "राग दोन दिवसांत गेला माझा. मग वाट बघत बसले. म्हटलं, कुणीतरी माणसासारखं येईल, बसेल, नीट विचारेल. तुम्ही तर सरळ घरालाच वळसा घातलात."

बाहेर कुणीतरी फटका मारला. चेंडू कोपऱ्यावरून पलीकडे गेला आणि लांबवर कौतुकाची आरोळी उठली. त्याने कप खाली ठेवला.

"बाई, माझं चुकलं. आता विचारतो. क्लब घर विकत घेऊन तसंच ठेवेल, पण तुम्ही अडकून पडू नका. मी स्वतः गाडी घेऊन येतो, सामान पोचवतो. बहिणीकडे जायचंय ना तुम्हाला?"

बाईंनी बांधलेल्या खोक्यांवरची धूळ पदराने पुसली.

"बहीण गेली हो, मागच्या थंडीत. आता कुठे जाऊ? आता मात्र माझं खरंच 'नाही' आहे."