टाक्यांच्या पलीकडे

"मला झोपेचं इंजेक्शन नको, सगळं बघायचंय," शिवणकाम करणाऱ्या मावशींनी बजावलं, तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, सिनेमा काही फार रंगतदार नाही हं."

दुसऱ्या कुणाचं तरी स्वादुपिंड पोटात बसवल्यापासून मावशींची इन्सुलिनची सुई सुटली होती. पण परवाच्या रिपोर्टात आकडे बिनसले. शरीर पाहुण्याला नाकारतंय की काय, हे आज दुर्बिणीने बघायचं होतं.

दुर्बीण घशावाटे आतड्यात उतरली. पडद्यावर टाक्यांची गोल ओळ दिसली.

"अलीकडचं आतडं तुमचं, पलीकडचं स्वादुपिंडाला जोडून पाहुण्याबरोबर आलेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान गुलाबी आहे की!" दुर्बिणीतून सरकवलेल्या बारीक चिमट्याने त्यांनी पलीकडचा इवलासा तुकडा तपासायला खुडला. मावशींना काही जाणवलंसुद्धा नाही.

मग आणखी पुढे, वळणाआड, उजेड दिसला.

"आपलाच पडलाय," असं पुटपुटत डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीचा दिवा बंद केला. पडदा काळा व्हायला हवा होता. झाला नाही. उजेड हलत हलत जवळ येत होता.

"सिस्टर, दुसरी दुर्बीण चालू आहे का?"

"अहो मॅडम, आपल्याकडे एकच तर आहे!"

तोंडात नळी, मावशी विचारणार कसं? असंच असत असेल बाई, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

उजेडातून एक बारीक चिमटा पुढे आला. पाहुण्याच्या आतड्याला जराही धक्का न लावता तो टाक्यांची ओळ ओलांडून अलीकडे आला, जागा निवडत क्षणभर थांबला आणि मावशींचा इवलासा तुकडा तपासायला खुडून घेऊन गेला.