मटण आहे म्हण

"चरबी वरल्या अंगाला ठेव," स्लो कुकरमध्ये डोकावत आई म्हणाली. "वितळून खाली उतरंल, मांस मऊ पडंल."

ती कालच गावाहून आली होती. तिच्या सांगण्यावरून मी डुकराच्या मांसाचा तुकडा उलटा केला, भोवती बटाटे, गाजरं, अख्खे कांदे रचले आणि झाकण लावलं. आठ तास शिजणार होतं. संध्याकाळी ऑफिसची माणसं जेवायला यायची होती. पोर्क रोस्टचा बेत मी ऑफिसच्या ग्रुपवर आधीच सांगून टाकला होता.

दुपारी वास सुटला, तशी आईने न सांगता एकेक खिडकी लावून घेतली. मी लॅपटॉप बाजूला ठेवून सगळ्या परत उघडल्या. "राहू दे गं, इथं कोण काय म्हणणार?"

सगळ्यांत आधी माझी मॅनेजर आली. "काकू, काय मस्त वास येतोय! काय केलंय?"

"मटण," आई पटकन म्हणाली.

मॅनेजर हसली. "अहो, पोर्क खायलाच तर आलोय आम्ही!"

माझे कान तापले. सातवीत असताना वर्गातली मुलं घरी येणार होती. आमच्याकडे डुक्कर शिजतं हे त्यांना कळू नये म्हणून मीच आईकडून पाठ करून घेतलं होतं: खिडक्या लाव, कुणी विचारलं तर मटण आहे म्हण.

आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चुकलं का रे माझं?"