काचेवरची तारीख

लिलाव अकराला होता. सिस्टर पावणेअकरालाच आल्या, थेट मधल्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरच्या काचेच्या पट्टीसमोर उभ्या राहिल्या. घरमालक फ्रेमवाला हातातलं गाठोडं खाली ठेवून त्यांच्या मागोमाग गेला.

पट्टी बोटभर रुंद, वीतभर लांब. घराखालची जमीन खचत असल्याचा संशय आला, तेव्हा इंजिनियरने ती भिंतीतल्या भेगेवर आडवी चिकटवली होती आणि कोपऱ्यात तारीख घातली होती. जमीन हलली की भिंत हलणार आणि काच तडकणार, असा साधा हिशेब. लिलाव पुकारणाऱ्याच्या कागदावरही तेच लिहिलं होतं: जमीन खचण्याचा धोका आहे, मात्र पाच महिने पट्टी शाबूत आहे. या एका ओळीच्या भरवशावर आज आठ-दहा माणसं आली होती. नाहीतर इकडे कुत्रंही फिरकलं नसतं.

काच खरं तर दुसऱ्याच महिन्यात तडकली होती. पण ज्याचा जन्म फोटोंना काचा बसवण्यात गेला, त्याला तशीच दुसरी कापायला कितीसा वेळ लागणार? त्याने कापली, चिकटवली, आणि इंजिनियरची तारीख बघून बघून तिच्यावर उतरवली. बायकोने ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून दोघंही त्या भिंतीकडे बघायचं टाळत. तडकलेले दोन तुकडे काल सामान बांधताना हाती लागले. ते टाकून द्यायला हात होईना, म्हणून कागदाच्या पुडीत गुंडाळून त्याने शर्टाच्या खिशात ठेवले होते.

घर आज विकलं गेलं नाही, तर पुन्हा याच छपराखाली झोपायचं होतं. बायकोने महिन्यापूर्वीच अंथरूण बाहेरच्या दाराशी आणलं होतं, पळायला बरं म्हणून. ती हे हसत सांगायची. त्याला कधी हसू आलं नाही.

सिस्टरांनी त्याला आपली ओळख सांगितली, जणू त्याने त्यांना ओळखलंच नव्हतं. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या या बाईंच्या नवऱ्याचा फोटो त्यानेच फ्रेम केला होता. शेजारी एक तरुण जोडपं उभं होतं, बाईच्या खांद्यावर मूल झोपलेलं. सिस्टर त्यांना कौतुकाने सांगू लागल्या. फोटो न्यायला गेल्या तेव्हा त्यांना काही दिसलं नव्हतं, यांनीच काचेतला मोहरीएवढा बुडबुडा दाखवला, म्हणाले, उद्या या, दुसरी घालतो. अशा माणसाचं घर म्हटल्यावर आपण बिनघोर आलो, असंही त्या म्हणाल्या.

धरणीने दुभंगून पोटात घ्यावं, असं फ्रेमवाल्याला वाटलं. मग तोच दचकला. या घरात असं काही मागणंसुद्धा जोखमीचं होतं.

सिस्टरांनी पर्समधून चष्मा काढला आणि पट्टीच्या कोपऱ्यापाशी वाकल्या. तारखेवर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

तारीख पंचवीस होती. पाचाची शेपटी खाली लांब ओढून तिला गाठ मारल्यासारखं वळण द्यायची फ्रेमवाल्याची जुनी सवय. प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर तो तारीख घालायचा. सिस्टरांच्या घरी, नवऱ्याच्या फोटोमागेही तसाच पाच होता. इतकी जपून नक्कल केली होती, तरी पाच काढताना हात आपल्याच वळणावर गेला होता. तीन महिन्यांत ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण त्याने भिंतीकडे बघितलं होतंच कुठे?

सिस्टर वळल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याने सोसलं असतं. पण औषध घेतलं म्हणून खोटं सांगणाऱ्या रोग्याकडे बघावं, तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याची मान खाली गेली. त्याचे कान तापले होते आणि ते सगळ्यांना दिसत असणार, असं त्याला वाटत होतं.

सिस्टरांनी पर्स खांद्याला अडकवली. आपण बोली लावणार नाही, एवढंच त्यांनी लिलाव पुकारणाऱ्याला सांगितलं. तरुण नवरा गडबडला.

"मावशी, काच चांगली आहे ना? आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

"मला कशाला विचारतोस? यांना विचार," सिस्टर म्हणाल्या. "काचेतलं त्यांना कळतं."

आणि त्या निघून गेल्या नाहीत. दाराशी जाऊन थांबल्या.

अकरा वाजले. पुकारणाऱ्याने घसा साफ करून, सुरू करू का, असं विचारलं. तरुण फ्रेमवाल्याकडे बघत होता. त्याची बायको मुलाचं ओझं पेलायला भिंतीला टेकली होती, बरोबर भेगेच्या बाजूला. फ्रेमवाल्याची बायको बांधलेल्या गाठोड्यांमध्ये उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग इतक्या दिवसांनी त्या भिंतीकडे. मग ती पुढे झाली आणि त्या पोरीचा दंड धरून तिला हलकेच भिंतीपासून बाजूला घेतलं.

फ्रेमवाल्याचा हात खिशाकडे गेला. त्याने पुडी उलगडली आणि दोन्ही तुकडे तरुणाच्या तळहातावर ठेवले. एकाच्या कोपऱ्यात तारीख होती, इंजिनियरच्या हातची. तरुणाने तुकडा वरखाली करून बघितला, मग भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं.

काय काय सांगायचं होतं त्याला. पण गिऱ्हाइकाच्या हातात काच देताना जन्मभर जे म्हणत आला होता, तेवढंच तोंडातून निघालं.

"जपून धरा. धार आहे."