चोरीचा मनीप्लांट

"मनीप्लांट चोरूनच लावायचा असतो हो!" समोरच्या फडतरेबाई निर्लज्जपणे हसल्या. माझ्या आईने लावलेल्या वेलाची फांदी त्यांच्या हातात होती. मी धाडकन दार आपटलं.

पुन्हा कुणाचा हात पोचू नये म्हणून कुंडी दारातून उचलून अंधाऱ्या बेडरूममध्ये ठेवली आणि रोज तांब्याभर पाणी ओतत राहिले. मुळं कुजली. आई गेल्यावर तिचं तेवढंच उरलं होतं. तेही या बाईमुळे गेलं!

आज तणतणत त्यांच्या घरात शिरले. त्या चोरलेल्या फांदीचा वेल वर्षभरात थेट छताला टेकला होता.

"माझ्या आईचा आहे तो, परत द्या!"

"दिलेला लागत नाही हो," म्हणत त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. "मी चहा टाकते. तोवर तुम्ही चोरा."