एस्किमोंचं बारसं

सावनेरहून आलेल्या आईला सुखदेवनं नागपूरच्या एका कॉलेजातलं उत्तर ध्रुवाचं छोटंसं संग्रहालय दाखवायला नेलं. कातड्याच्या इवल्याशा अंगरख्याजवळची पाटी त्यानं तिला समजावून सांगितली. "एस्किमो लोक मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाले देतात, माय. त्यायले वाटते, गेलेला परत आला."

पंचफुलाबाई बराच वेळ अंगरख्याकडे पाहत राहिल्या.

"मंग त्या पोराले सांगतात का गा, का तुह्याआंधी याच नावाचं एक पोरगं होतं?"

"सांगत असतीन. काहून वं?"

"मी तुले कधी सांगतलं नाही. एवढाच होता तो."

त्या पुढे निघाल्या. दाराशी थांबून त्यांनी हाक मारली, "चाल, सुखदेव."

ओ देण्याआधी सुखदेवनं मागे वळून पाहिलं.